‘हल्लीचे काही सुचवा’ म्हणणाऱ्या वाचकाला कादंबरी कशी सुचवावी

वाचनालयात, शिक्षकांच्या खोलीत किंवा नातलगांमध्ये ज्याची ओळख ‘वाचणारा माणूस’ अशी असते, त्याला ‘हल्लीचे काही चांगले सुचवा’ ही मागणी चुकत नाही. स्वतःला आवडलेली चार नावे सांगून मोकळे होणे सोपे असते. पण पुस्तक समोरच्या माणसाला वाचायचे असल्यामुळे आधी प्रश्न आपण विचारावेत. ‘कोणता प्रकार आवडतो’ या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही, कारण ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण ही कपाटांवरची नावे आहेत आणि वाचक त्यांपैकी एखादे सवयीने सांगतो. त्याऐवजी अलीकडे शेवटपर्यंत वाचलेली कादंबरी कोणती आणि अर्ध्यावर सोडलेली कोणती, हे विचारावे. सोडलेल्या पुस्तकाबद्दल माणूस अधिक नेमके बोलतो: बोली समजेना, पात्रांची गर्दी झाली, किंवा घरात आजारपण असताना ते दुःख वाचवेना. सुचवण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती या उत्तरात असते.

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकाचे उदाहरण घेऊ. ‘स्वामी’ (1962) आणि ‘पानिपत’ (1988) वाचून झालेला वाचक ‘असेच आणखी’ मागतो, तेव्हा त्याला त्यांतले काय भावले, हे शोधावे लागते. पराक्रमी नायक आणि भरजरी भाषा हवी असेल, तर शिवचरित्रावरची विश्वास पाटील यांची ‘महासम्राट’ ही मालिका त्याला रुचेल. त्याला तो काळच जवळून पाहायचा असेल, राज्यकर्त्यांपेक्षा सामान्य माणसाच्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर नंदा खरे यांची ‘बखर अंतकाळाची’ (2010) द्यावी. तिच्याआधीची ‘अंताजीची बखर’ (1997) मिळाली तर आधी ती. वंश, जात आणि जमीन यांची गुंतागुंत ज्याला खुणावते, त्याच्यासाठी रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (2019) आहे. एका कुळाचा अनेक शतकांचा हा प्रवास माझ्या मते या शतकातल्या सर्वांत मोठ्या झेपेच्या मराठी कादंबऱ्यांपैकी एक आहे, परंतु तिचा आकारही तसाच मोठा असल्याने महिन्याला एखादे पुस्तक वाचणाऱ्याला ती पहिल्याच भेटीत देऊ नये. कपाट एकच असले, तरी या तिन्ही वाटा वेगवेगळ्या वाचकांच्या आहेत.

‘ग्रामीण’ या शिक्क्याने तर अलीकडच्या उत्तम कादंबऱ्यांचे फार नुकसान केले आहे. शहरी वाचकाला तो शब्द ऐकताच दुष्काळ आणि कर्ज एवढेच आठवते आणि तो हात मागे घेतो. त्यामुळे अशा कादंबरीची ओळख तिच्या गोष्टीने करून द्यावी. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही साहित्य अकादमीचा 2023 चा पुरस्कार मिळालेली कादंबरी आहे, असे सांगून ती क्वचितच वाचली जाते. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे गेली आणि मागे राहिलेल्या म्हशीला आणायला माणूस परत निघाला, एवढे सांगितले की ऐकणारा थांबतो. प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’विषयी बोलताना दक्षिण कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळापासून सुरुवात करावी. देवीदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला साहित्य अकादमीचा 2024 चा युवा पुरस्कार मिळाला, तयार कपड्यांच्या बाजारात शिंप्याच्या हातचे काम कसे सुटत जाते, हे ती सांगते, आणि लेखकाने स्वतः शिवणकाम केले असल्यामुळे त्या धंद्याचे बारकावे तीत आपसूक येतात. ही छोटेखानी कादंबरी वाचनाची सवय मोडलेल्या माणसालाही देता येते.

बोलीचा प्रश्न मात्र आधीच बोलून घ्यावा. ‘रिंगाण’मधली पन्हाळ्याकडची बोली कानावर नसलेल्या वाचकाला पहिली काही पाने अडखळायला होईल, हे त्याला सांगावे, आणि ती मोठ्याने वाचून पाहण्यास सुचवावे. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला बऱ्याचदा कळतो. तरीही भाषा अडसर ठरणार असे दिसले, तर मनोज बोरगावकर यांची ‘नदीष्ट’ (2019) जवळची पडते. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा निवेदक आणि काठावरची उपेक्षित माणसे यांची ही कादंबरी प्रमाण मराठीच्या वाचकाला परकी वाटत नाही.

शहरातल्या तरुण वाचकाला प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ द्यावी; एका घरातल्या भावाबहिणीची एकाच पुरुषावर जडलेली ओढ सांगणारी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) आजही तितकीच ताजी आहे. भयकथांच्या वाचकाला हृषीकेश गुप्ते यांच्या ‘हाकामारी’पासून सुरुवात करून द्यावी, कारण ती आटोपशीर आहे, ‘दंशकाल’ नंतर. विज्ञानकादंबरी मागणाऱ्याला नंदा खरे यांची ‘उद्या’ (2014) सुचवताना एक खुलासा करावा. जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’सारखे वैज्ञानिक कोडे आणि त्याची उकल हवी असणाऱ्याची इथे निराशा होईल, पण तंत्रज्ञान, भांडवल आणि पाळत यांच्या कचाट्यात उद्याचा समाज कसा जगेल, याची काळजी असणाऱ्याला ही कादंबरी खाली ठेववणार नाही. या कादंबरीला जाहीर झालेला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार लेखकाने नाकारला होता.

एका वेळी दोनच नावे द्यावीत: एक वाचकाच्या सवयीला लागून असलेले आणि दुसरे थोडे पुढे नेणारे. तिसरे सांगितले की कोणतेच लक्षात राहत नाही. विषय मनाला लागण्यासारखा असेल, तर शेवट न फोडता तेवढी कल्पना द्यावी. उदाहरणार्थ, कविता महाजन यांची ‘भिन्न’ (2007) एचआयव्हीबाधितांच्या जगात घेऊन जाते, हे आधी कळलेले बरे. शिवाय नाव सांगण्यापूर्वी प्रत मिळते का, हे पाहावे. मराठी आवृत्त्या लहान असतात आणि संपल्यावर पुनर्मुद्रणाला वेळ लागतो, त्यामुळे प्रकाशकाकडे किंवा जवळच्या वाचनालयात चौकशी करावी. परदेशातल्या मराठी वाचकासाठी ई-पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक आहे का, तेही बघून ठेवावे.

पुस्तक परत आल्यावर ‘आवडले का’ असे विचारल्यास संकोचाने होकार मिळतो. ‘कुठे थांबलात’ आणि ‘कोणता भाग पुन्हा वाचलात’ असे विचारून उत्तरे वहीत टिपून ठेवावीत, म्हणजे त्या वाचकासाठी पुढची कादंबरी निवडताना अंदाजावर विसंबावे लागत नाही.