पायाखालचं पाणी

बाबांची १९९६ची मारुती ८०० आजही एका सेल्फमध्ये सुरू होते, आणि त्या तीन सिलिंडरच्या आवाजाने माझी सकाळ छान जाते. यंदा पावसाळ्यात मात्र डाव्या सीटपुढच्या मॅटखाली पाणी साचायला लागलं. एका गॅरेजवाल्याने पत्रा सडलाय म्हणून मोठा खर्च सांगितला. मन मानेना.

पाणी बोटावर घेऊन पाहिलं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रंगीत आणि चिकट असतं, हे स्वच्छ होतं. एसी बंद असतानाही येत होतं, म्हणजे एसीची ड्रेन नळीही नाही. मग बायकोला टॉर्च देऊन आत बसवलं आणि पुढच्या काचेवर मगाने हळूहळू पाणी ओतलं.

"अहो, थांबा! ब्लोअरमधून येतंय!"

गाडी गुलमोहराखाली उभी असते. वायपरखालच्या पन्हळीत त्याच्या बारीक पानांचा मूठभर काळा चिखल निघाला. पाणी जायचं भोक पार बुजलेलं, त्यामुळे ते ब्लोअरच्या हवेच्या वाटेने आत उतरत होतं. जुन्या टूथब्रशने भोक मोकळं केलं (तार घालू नका, रंग खरवडला की गंज धरतो) आणि पाणी सोडलं. चाकामागून धार लागली.

कार्पेट वाळायला तीन दिवस लागले. पत्र्यावर गंजाचे दोनच ठिपके होते. पॉलिश पेपर मारून प्रायमर लावला.