जुनी टामिया हॉर्नेट: ओळखायची कशी, पुन्हा पळवायची कशी

माळ्यावरच्या खोक्यातून किंवा परदेशातून आलेल्या सामानातून एखादी जुनी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, बग्गी हाती लागली की बॅटरी जोडून बघायचा मोह होतो. तो आवरा. तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेल्या गाडीत गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि स्पीड कंट्रोलरचे (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाचे) संपर्क काळे पडलेले असतात. मोटर अडली की वायरी तापतात आणि शेजारचं प्लास्टिक वितळतं. आधी गाडी कोणती ते ओळखा, चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढा, आणि मगच हत्यारं बाहेर काढा.

कोणती गाडी आहे?

जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीने ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन्ही बग्ग्या १९८४ मध्ये आणल्या. दोघींचा सांगाडा आणि गिअरबॉक्स जवळपास एकच, म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ यांच्याच बाबतीत होतो. ग्रासहॉपरचा टब, म्हणजे तळाचं पन्हाळीसारखं शरीर, पांढरा असतो, तर हॉर्नेटचा काळा. ग्रासहॉपरची बॉडी कडक, अपारदर्शक प्लास्टिकची असते. हॉर्नेटची बॉडी पातळ पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असून रंग आतून दिलेला असतो. अंगठ्याने दाबली की ती वाकते आणि परत जागेवर येते. मोटरही मोजा. साधारण २८ मिमी व्यासाची असेल तर ती ३८० प्रकारची, म्हणजे ग्रासहॉपरची. साधारण ३६ मिमी असेल तर ती ५४० प्रकारची, म्हणजे हॉर्नेटची. मागचे डॅम्पर (धक्के शोषणारे भाग) तेलाचे असतील तर हॉर्नेट, नुसत्या स्प्रिंगचे असतील तर ग्रासहॉपर.

यातली एकच खूण पाहून निकाल देऊ नका. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे पांढऱ्या टबवर हॉर्नेटची बॉडी आणि आत ५४० मोटर अशा मिश्र गाड्या भरपूर सापडतात. पळवायला त्या उत्तम आहेत, फक्त अस्सल हॉर्नेटच्या भावाने घेऊ नका.

यापेक्षा अवघड प्रश्न म्हणजे गाडी १९८४ची की पुनर्निर्मित. टामियाने हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली. बहुतेक जण प्लास्टिकवर कोरलेलं साल बघतात आणि तिथेच फसतात. ते साल साच्याचं असतं, गाडीचं नव्हे. जुन्याच साच्यातून निघालेल्या नव्या भागावरही तेच साल उमटतं. भरवसा ठेवावा तो खोक्यावरच्या आणि माहितीपुस्तिकेवरच्या क्रमांकावर. मूळ हॉर्नेट ५८०४५, नंतरची ५८३३६. मूळ ग्रासहॉपर ५८०४३, नंतरची ५८३४६. कागदपत्रं नसतील तर यांत्रिक स्पीड कंट्रोलर, क्रिस्टलवर चालणारा जुना रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि कडा पिवळ्या पडलेले स्टिकर हे सगळं एकत्र सापडलं तरच ती जुनी म्हणावी.

हाती आलेली गाडी या दोन्हींपैकी नसेल तर काही खुणा झटकन पाहून घ्या. सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचा टब दिसला तर ती टीम असोसिएटेडची १९८४ची आरसी१० किंवा तिची नवी आवृत्ती. चारही चाकांना ताकद देणारी साखळी सायकलसारखी मधोमध धावत असेल तर क्योशोची ऑप्टिमा. मागच्या ॲक्सलची टोकं षटकोनी आणि झिजलेली असतील तर टामियाची फ्रॉग. तिची ही दुखरी जागा प्रसिद्ध आहे. पुढची रीत या गाड्यांनाही बरीचशी लागू पडते.

खोलताना

जपानी गाडीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीचे असतात. आपल्याकडचा साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि डोकं गुळगुळीत करून टाकतो. ३ मिमी स्क्रूंसाठी जेआयएस २ नंबरचा ड्रायव्हर घ्या. सगळ्या खर्चात हा खर्च पहिला करा.

स्क्रू अडला असेल तर जोर लावू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवा. धातू तापला की भोवतीच्या प्लास्टिकची पकड सुटते. गंज काढणारे फवारे प्लास्टिकजवळ नकोत. पॉलिकार्बोनेटला आणि एबीएस या कडक प्लास्टिकला त्यांनी बारीक तडे जातात. काढलेले स्क्रू जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो पलीकडून बाहेर येतो किंवा बॉस (स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा उंचवटा) फोडतो.

हॉर्नेटमध्ये तीन जागा नक्की तपासा. पुढच्या आर्म (चाकं धरणारे दांडे) जिथे टबला जोडलेल्या असतात तिथले तडे. खालच्या बॅटरी-झाकणाचे हुक, जे बहुतेक वेळा तुटलेले असतात. आणि गिअरबॉक्स ज्या सांध्यावर हलतो तो सांधा. हॉर्नेटमध्ये मोटर, गिअरबॉक्स आणि मागचं ॲक्सल हे सगळं एकसंध असून एकत्रच वर-खाली होतं. त्यामुळे खडबडीत जमिनीवर तिचा मागचा भाग उड्या मारतो. तो दोष दुरुस्त करायला जाऊ नका, गाडीची घडणच तशी आहे. पण तो सांधा ढिला झाला असेल तर उड्यांबरोबर गाडी वाकडीही जाऊ लागते.

धुणं आणि प्लास्टिक

मोटर, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) आणि इलेक्ट्रॉनिक्स बाजूला काढून बाकी सगळं कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, मऊ टूथब्रशने धुवा. उकळतं पाणी एबीएसला वाकवतं. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन कोणत्याच प्लास्टिकला लावू नका. धातूचे बुश (फिरत्या दांड्याभोवतीच्या कड्या) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पांढऱ्या नायलॉनचे भाग, उदाहरणार्थ आरसी१०च्या आर्म, कोरडे पडून कडकडीत झाले असतील तर उलट ते पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळा. नायलॉन पाणी शोषून घेतं आणि पुन्हा चिवट होतं. हे फक्त नायलॉनसाठी, एबीएससाठी नव्हे.

ग्रासहॉपरचा पिवळा पडलेला पांढरा टब उजळवायचा असेल तर ६ ते १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून चार-सहा तास उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाला फिरवा. एक बाजू पाण्याबाहेर राहिली तर डाग पडतात. हातमोजे आणि चष्मा घालायलाच हवा. काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, तेव्हा टब किंचित पिवळा असेल तर हात न लावलेलाच बरा.

तीच गोष्ट बॉडीची. मूळ रंग आणि मूळ स्टिकर असलेली हॉर्नेटची बॉडी ओरखड्यांसकट जपून ठेवा आणि पळवण्यासाठी नवी पारदर्शक बॉडी आणून रंगवा. जुना रंग काढायला ब्रेक ऑइल वापरणारे आहेत, पण त्याने पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं. जुन्या बॉडीला चीर असेल तर चिरेच्या टोकाला २ मिमीचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग आतून जाळीची टेप आणि लवचिक गोंद लावा. नव्या बॉडीला टामियाचे पीएस रंगच हवेत. टीएस रंग कडक प्लास्टिकसाठी असतात आणि पॉलिकार्बोनेटवरून सालपटासारखे निघतात. रंग आतून द्यायचा असल्याने गडद आधी, फिका नंतर, पातळ थरांनी.

गिअरबॉक्स, डॅम्पर, मोटर

गिअरबॉक्स उघडला की जुनं ग्रीस पूर्ण काढा. ते करडं आणि चमचमणारं दिसलं तर त्यात धातूची झीज आहे, म्हणजे पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दात तपासा. दात शार्कच्या दातांसारखे टोकदार आणि एका बाजूला कललेले असतील तर पिनियन बदला, नाहीतर तो नव्या प्लास्टिक गिअरलाही खाईल. बसवताना पिनियनचा बारीक स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावर यायला हवा, त्यासाठी १.५ मिमी हेक्स की लागते. नवं ग्रीस दातांवर पातळ पसरेल इतकंच. खच्चून भरलं तर ते बाहेर येऊन माती पकडतं.

चाकांत प्लास्टिकचे बुश असतील तर बॉल बेअरिंग घाला. टामियात ५×११×४ मिमी हे माप सर्वाधिक येतं, तरी मागवण्याआधी व्हर्नियरने मोजा. गाडी नुसती कपाटात ठेवायची असेल तर मूळ बुश राहू द्या.

डॅम्परच्या ओ-रिंग बदला आणि आत सिलिकॉन तेलच भरा. खनिज तेलाने रबर फुगतं. तेल भरून पिस्टन सावकाश खाली-वर करा, दहा मिनिटं उभं ठेवा, बुडबुडे गेले की पिस्टन पूर्ण खाली ओढून झाकण लावा. दाबताना फसफस आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा भरा.

चंदेरी ५४० मोटर बंद डब्याची असते, ब्रश बदलता येत नाहीत. दोन्ही बुशवर तेलाचा एकेक थेंब टाका आणि ३ व्होल्टवर मोकळी काही मिनिटं फिरवा. तीन ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जागेवर आहेत ना बघा: एक दोन टोकांमध्ये, बाकी दोन प्रत्येक टोकापासून डब्यापर्यंत. एखादा तुटला असेल तर ठिणग्यांमुळे रिसीव्हर बावचळतो.

यांत्रिक स्पीड कंट्रोलर मूळ वस्तू म्हणून जपा, पण पळवायच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक बसवा. जुन्याचा रेझिस्टर बोट भाजेल इतका तापतो. बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड. जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी पांढरी बुरशी आल्यासारखी दिसली तर ती ई-कचऱ्यातच द्या, कॅडमियम विषारी आहे. लिथियम पॉलिमर वापरायचीच असेल तर व्होल्टेज खाली गेल्यावर तोडणारा कंट्रोलर हवा. सर्व्होला आधी वीज द्या, तो मध्यावर येऊ द्या, मगच हॉर्न (सर्व्होवरचा छोटा हात) लावा.

जोडणी

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यात उतरला की मग घट्ट करा. थेट पिळला तर दरवेळी नवा आटा पडतो आणि तीन-चार वेळांत भोक निकामी होतं. तसं झालं असेल तर एबीएसची बारीक पट्टी भोकात चिकटवून, वाळल्यावर स्क्रू घाला.

पहिली चाचणी चाकं अधांतरी ठेवून घ्या. ट्रान्समीटर आधी चालू करा, गाडी नंतर. बंद करताना उलट. पाच मिनिटांनी मोटरला हात लावा. हात टिकत नसेल तर कुठेतरी काहीतरी घासतंय. ठेवताना टबखाली ठोकळा देऊन चाकं जमिनीवरून उचललेली ठेवा, नाहीतर टायर एका बाजूने चपटे होतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात स्क्रूंना गंज चढू नये म्हणून बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला.