एमटीयूचा घोळ सोडवायला बसण्याआधीची तयारी

एमटीयू म्हणजे एका लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये. मार्गात तो कुठे जुळला नाही की मोठी पॅकेट वाटेत हरवतात. तेव्हा आधी लक्षणं लिहून काढा, आणि नेमक्या शब्दांत. "नेट स्लो आहे" ही झाली तक्रार. लक्षण म्हणजे पिंग व्यवस्थित जातो पण फाइल कॉपी थोडी सरकून अडकते. एसएसएचचं लॉगिन होतं, पण लांबलचक आउटपुटची कमांड दिली की स्क्रीन गोठते. बीजीपी (राउटर एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) सेशन उभं राहतं, मोठा अपडेट निघाला की त्याच्यामागे "मी जिवंत आहे" सांगणारी कीपअलाइव्हही टीसीपीच्या रांगेत अडकतात आणि त्यांची वाट पाहणारा होल्ड टाइमर संपून सेशन पडतं. सिस्कोच्या डिफॉल्टवर तो टाइमर १८० सेकंदांचा आहे, म्हणून दर तीनेक मिनिटांनी लॉगमध्ये तीच ओळ दिसते. छोटी पॅकेट पोचतात आणि मोठी पोचत नाहीत, हे सूत्र दिसलं तरच पुढची तयारी कामाची. सगळ्याच आकाराची पॅकेट गळत असतील तर केबल, एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं मॉड्यूल) आणि ड्युप्लेक्सची सेटिंग बघा, एमटीयूला हात लावू नका.

मग मार्गाचं चित्र हवं. ट्रेसरूटवरून (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या कमांडवरून) काढलेलं नव्हे, कारण ट्रेसरूटमध्ये लेयर टूचा स्विच दिसतच नाही आणि या प्रकारात बहुतेक वेळा गोम तिथेच असते. राउटरला पुढच्या लिंकपेक्षा मोठं पॅकेट मिळालं तर तो त्याचे तुकडे करतो, किंवा तुकडे करू नका असा डीएफ बिट लावलेला असेल तर पाठवणाऱ्याला आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) टाइप ३, कोड ४ चा निरोप धाडतो. पाथ एमटीयू डिस्कव्हरीचं, म्हणजे मार्गातला सगळ्यात लहान एमटीयू शोधण्याचं, सगळं काम याच निरोपावर चालतं. १९९० च्या आरएफसी ११९१ पासून त्यात पुढच्या लिंकचा आकडाही असतो. स्विच यातलं काहीच करत नाही. फ्रेम मोठी असली की टाकून देतो आणि गप्प बसतो. दोन्ही टोकांचे राउटर ९००० वर आणि मधला एक स्विच १५०० वर असेल, तर तक्रार करणारं कोणीच उरत नाही. त्यामुळे दोन राउटरांमधला प्रत्येक स्विच, प्रत्येक पोर्ट-चॅनेल (अनेक पोर्ट जोडून केलेली एक लिंक) आणि त्याचे सगळे सदस्य पोर्ट, शिवाय प्रोव्हायडरचा मीडिया कन्व्हर्टर असेल तर तोही, चित्रात यायला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: आकड्यांचा तक्ता. इथे वेळ घालवा, कारण एकच आकडा वेगवेगळ्या डब्यांवर, म्हणजे उपकरणांवर, वेगळं काहीतरी सांगतो. सिस्कोच्या आयओएसवर इंटरफेसचा एमटीयू १५०० म्हणजे आयपी पॅकेट १५०० बाइटचं, इथरनेट हेडर त्यात धरलेला नाही. आयओएस एक्सआरवर मात्र १४ बाइटचा हेडर धरलेला असतो, म्हणून तिथे डिफॉल्ट १५१४ दिसतो. जुनिपरच्या जुनोसवरही फिजिकल इंटरफेसचा आकडा १५१४ आणि त्याच्या पोटातल्या आयपीचा १५००. म्हणजे आयओएसवर ९००० आणि जुनोसवरही ९००० टाकून "दोन्हीकडे सारखं केलं" म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात १४ बाइटची तफावत तयार केलेली असते. जुनोसवर ९०१४ हवं, आणि व्हीलॅन टॅग (फ्रेम कुठल्या आभासी नेटवर्कची ते सांगणारी खूण) लावलेला इंटरफेस असेल तर ९०१८. मायक्रोटिकवर, जे आपल्याकडच्या गावोगावच्या इंटरनेटवाल्यांकडे हमखास असतं, एमटीयू आणि एल-टू-एमटीयू असे दोन आकडे आहेत. दुसऱ्यात व्हीलॅन टॅगचे ४ बाइट मावायला हवेत. तक्त्यात प्रत्येक डब्यासमोर तिथे दिसणारा आकडा आणि त्यातून निघणारा आयपीचा आकडा, असे दोन रकाने ठेवा. तुलना फक्त दुसऱ्या रकान्याची करायची. स्विचवर पोर्टचा एमटीयू आणि व्हीलॅन इंटरफेसचा एमटीयू वेगवेगळे असू शकतात, तेही वेगळे नोंदवा.

मार्गात बोगदे (टनेल, म्हणजे पॅकेटवर आणखी हेडर चढवणारी आवरणं) असतील तर त्यांचं वजन वजा करा. पीपीपीओई ८ बाइट खातं म्हणून १४९२ उरतात, जीआरई २४ खातं म्हणून १४७६, आयपीव्ही४ वरचं व्हीएक्सलॅन ५०, आणि एमपीएलएसचं प्रत्येक लेबल ४. आयपीसेकचं वजन एन्क्रिप्शनच्या निवडीप्रमाणे बदलतं, तेव्हा ते पाठांतराने न लिहिता मोजून घ्या.

चाचणीच्या कमांड आधीच टाइप करून ठेवा, रात्री दोन वाजता आठवत बसू नका. पिंगचा आकारही इथे फसवतो. विंडोज, लिनक्स आणि जुनोसवर तुम्ही देता तो फक्त आतल्या डेटाचा आकार. त्यावर आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट चढतात, म्हणून १५०० तपासायला १४७२ आणि ९००० तपासायला ८९७२. सिस्कोच्या आयओएसवर दिलेला आकार अख्ख्या आयपी पॅकेटचा असतो, तिथे सरळ १५०० द्या. आयपीव्ही६ मध्ये हेडर ४० चा आहे, तेव्हा १४५२. डीएफ बिट विसरलात तर पॅकेटचे तुकडे होऊन पिंग यशस्वी दिसेल आणि चाचणी वाया जाईल. शिवाय पिंगचं उत्तरही तेवढ्याच आकाराचं परत येतं. पिंग पडला तर जाताना पडला की येताना, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पलीकडे पॅकेट कॅप्चरची सोय करून ठेवा. कॅप्चर सर्व्हरवरच घेतलात तर नेटवर्क कार्डाच्या ऑफलोडमुळे (पॅकेट जोडण्या-तोडण्याचं काम कार्डच करतं म्हणून) १५०० च्या लिंकवर कित्येक हजार बाइटची पॅकेट दिसतील, आणि नवा माणूस त्यालाच बिघाड समजून बसेल. स्विचवर मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टवरच्या वाहतुकीची नक्कल देणारा पोर्ट) लावून घेतलेलं बरं.

काउंटरांची "आधीची" नोंद हवीच. जायंट्स आणि ओव्हरसाइझ (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेम), ड्रॉप्स (टाकून दिलेल्या), प्रत्येक पोर्टचे. काही स्विच मोठी फ्रेम पुढे सोडूनही मोठी म्हणून मोजतात, त्यामुळे नुसता आकडा बघून निष्कर्ष काढू नका. मोजून १०० पिंग सोडा, कुठला ड्रॉपचा काउंटर १०० ने वाढला ते बघा. तो पोर्ट तुमचा.

ओएसपीएफ (एका संस्थेच्या नेटवर्कमध्ये राउटर एकमेकांना मार्ग सांगतात तो प्रोटोकॉल) चालत असेल तर शेजारी राउटरांची स्थिती जतन करा. १९९८ च्या आरएफसी २३२८ नुसार डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये एमटीयू लिहिलेला असतो; समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट नाकारलं जातं आणि जोडी एक्सस्टार्ट किंवा एक्स्चेंजमध्ये लटकते. एमटीयू-इग्नोर, म्हणजे ही तपासणी बंद करणारी कमांड, लावला की स्थिती फुल (पूर्ण जुळलेली) होते, सगळे घरी जातात. माझं मत विचाराल तर ती कमांड यादीत ठेवूच नका: मोठे अपडेट तरीही पडतच राहतात, फक्त आता ते कोणाला दिसत नाहीत. आणि ओएसपीएफ तपासतं ते दोन टोकांचे आकडे. मधल्या स्विचची त्याला खबर नसते, म्हणून स्थिती फुल दिसणं हा मार्ग ठीक असल्याचा पुरावा नाही.

फायरवॉल टीमकडून एक गोष्ट लेखी घ्या, की आयसीएमपीचा तो टाइप ३, कोड ४ चा निरोप आणि आयपीव्ही६ मधला तसाच "पॅकेट टू बिग" निरोप त्यांनी अडवलेला नाही. आयपीव्ही६ मध्ये मधले राउटर तुकडे करतच नाहीत, त्यामुळे तिथे हा अडवला तर दुसरा मार्गच नाही. तात्पुरता आडोसा म्हणून टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी करून ठेवता येतो, पीपीपीओईवर १४५२. पण यूडीपीला त्याचा काही उपयोग नाही.

बदलाची परवानगी मागताना लागणारा वेळ खरा लिहा. कॅटॅलिस्ट २९६० किंवा ३७५० सारख्या जुन्या स्विचवर जंबोचा (१५०० पेक्षा मोठ्या फ्रेमचा) आकडा अख्ख्या स्विचला एकच असतो आणि रीलोडशिवाय लागू होत नाही. उपकरणं ऐरोली-महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतील तर कन्सोल केबल घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा प्रवेशही आधी मंजूर करून घ्या. आकडा वाढवायचा असेल तर आधी मधले स्विच, मग राउटर, शेवटी सर्व्हर. कमी करायचा असेल तर नेमकं उलट. जुना आकडा परत आणणाऱ्या ओळी त्याच फाइलमध्ये खाली लिहून ठेवा.

काम झाल्यावर मोठ्या पिंगच्या जोडीला ओएसपीएफचं शेजारपण मुद्दाम एकदा तोडून पुन्हा जुळू द्या, बदलाची वेळ संपायच्या आत. काही उपकरणांवर एमटीयू बदलला तरी आधी जुळलेलं शेजारपण तसंच टिकून राहतं, आणि चूक महिन्याभराने कोणीतरी राउटर रीलोड केल्यावर उघडी पडते. तेव्हा ड्युटीवर दुसराच कोणीतरी असतो.