रविवारची टेकडी, बाजार आणि ताज्या पिठाची भाकर

व्यायाम, आठवड्याचा बाजार आणि मनासारखा स्वयंपाक हे सगळं रविवारी दुपारच्या आत बसवायचं असेल, तर पहिलं काम शनिवारी संध्याकाळी करा: दळण टाका. आपण दुसऱ्या कामात असताना गिरणीत पीठ तयार होतं. ज्वारी मालदांडी घ्या नाहीतर परभणी मोती, पण आठवड्यापुरतीच दळा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे जो थोडाफार चिकटपणा असतो तोही, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. सामानाची यादी आणि सुटे पैसे रात्रीच पिशवीत ठेवा.

सकाळी सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी घर सोडा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या बाजूची गोगाबाबा टेकडी यासाठी उत्तम. गावाकडे असाल तर शेतापर्यंतचा गाडीरस्ता तितकाच चांगला. चढताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा. उतरताना पावलं आखूड टाका, कारण गुडघ्यांवर खरा भार तेव्हाच पडतो. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला एक तास इथेच होतो. मात्र तुमच्या भागात नळाला पाणी येण्याचा वार रविवारीच असेल, तर टेकडी संध्याकाळी ठेवा. पाणी चुकलं तर पुढचे कित्येक दिवस ओढाताण होते.

घरी येऊन सुशीला खा. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत परतायला दहा मिनिटं लागतात. मग लगेच बाजार. जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार ऊन चढायच्या आत गाठा, माळवं तेव्हाच टवटवीत असतं. आधी एक फेरी नुसती भाव विचारत मारा. कांदे-बटाटे पिशवीच्या तळाशी, मेथी-कोथिंबीर सगळ्यात शेवटी आणि वर. येताना गिरणीतून पीठ उचला. उन्हाळ्यात अकरानंतर बाहेर राहू नका, मराठवाड्याचं ऊन अंगावर काढण्यासारखं नसतं.

आता चूल. आधी येसर आमटी, कारण ती मंद आचेवर उकळत असताना भाकरी होतात. चौघांसाठी चार मोठे चमचे येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ) वाटीभर थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. तेलात मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हळद, तिखट घाला. त्यावर चार वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं येसर ढवळत ओता आणि मीठ घालून दहा मिनिटं उकळा. पातळच ठेवा, निवल्यावर ती दाटते. येसरात भाजलेली धान्यं आणि मसाला असतोच, दुसरा मसाला घालून त्याची चव मारू नका.

भाकरीसाठी पीठ एकदम भिजवू नका. एका भाकरीपुरतं घ्या, कडकडीत पाणी घाला आणि तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो, म्हणून हे मळणं टाळून चालत नाही. परातीत कोरडं पीठ पसरून, गोळा फिरवत कडेपासून थापा. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकर टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. उशीर झाला तर पापुद्रा तडकतो आणि भाकर फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की पाणी लावलेली बाजू थेट आचेवर धरा. पहिली फुगली नाही तर पाणी थोडं जास्त घालून बघा.

भाकरी होत असताना घरातल्या कुणाला तरी मेथी निवडायला बसवा. बारीक चिरलेली कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि कच्चं तेल, झाला घोळाना. दोन भाकरी जास्तीच्या करा. सोमवारी सकाळी त्या कुस्करून कांदा-लसणाच्या फोडणीत परतल्या की डब्याची सोय होते.