कॅरॅव्हॅनसाठी भार विभागणारा हिच कसा बसवावा

ठाण्याहून कसारा घाटाच्या दिशेने कॅरॅव्हॅन ओढत न्यायची असेल, तर हिचची (गाडी आणि कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या सांध्याची) जुळणी घोडबंदर रस्त्याच्या कडेला नव्हे, तर सपाट आवारात आणि सर्व सामान भरून झाल्यावरच करावी. ट्रेलरच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर टेकतो त्यावर, यावा. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि मग स्प्रिंग बार (मागचा काही भार पुढच्या चाकांकडे वळवणारे हिचचे लवचिक दांडे) कितीही ताणले तरी उपयोग नसतो, सामानच पुढे सरकवावे लागते.

जोडणीपूर्वी गाडीच्या पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची नोंदवावी आणि बार न लावता ट्रेलर जोडून ती पुन्हा मोजावी. मागे भार आल्याने पुढचा भाग उचलला जातो, स्टिअरिंग हलके होते व पुढच्या ब्रेकची पकड घटते. आता कपलर (गोळ्यावर बसणारे ट्रेलरचे कुलूप) पक्का अडकवून जॅकने ट्रेलरचे तोंड आणि गाडीची मागची बाजू एकत्र उचलावी, म्हणजे बार अडकवताना फार जोर लागत नाही. ताणलेला बार निसटल्यास हाड मोडू शकते, त्यामुळे त्याच्या वाटेत उभे राहू नये. जॅक उतरवल्यावर कमानीची उंची पुन्हा मोजावी; वाढलेल्या उंचीपैकी किमान निम्मी कमी झालेली असावी. मात्र गाडीच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण दिले असल्यास तेच पाळावे.