प्रोजेक्टरच्या आधी मास्किंग टेप

प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर आधी मास्किंग टेपचं रीळ आणा. ज्या भिंतीवर चित्र पडणार तिथे २२१ सेंटीमीटर रुंद आणि १२५ सेंटीमीटर उंच चौकट चिकटवा. १६:९ प्रमाणातलं १०० इंची चित्र एवढं असतं, कारण इंच कर्णावर मोजतात. मग रोजच्या जागी बसून बघा. मान वर करावी लागतेय का, स्विचबोर्ड नेमका नायकाच्या कपाळावर येतोय का? चौकट दोन दिवस तशीच राहू द्या. आमची दुसऱ्याच दिवशी ९० इंचांवर आली.

आता भिंतीपासून प्रोजेक्टरच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला चित्राच्या रुंदीने भागा. ३३० सेंटीमीटर भागिले २२१, म्हणजे साधारण दीड. हा झाला तुमचा थ्रो रेशो. माहितीपत्रकात हा आकडा बसत नसेल तर ते मॉडेल तिथेच सोडून द्या, बाकी कितीही गुणी असो. ०.४ च्या खालचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो भिंतीलगत बसतात, पण साध्या भिंतीवरचा गिलाव्याचा उंचवटाही त्यांच्या तिरक्या उजेडात लाटेसारखा दिसतो. छताला टांगणार असाल तर मध्ये पंखा येतोय का ते आत्ताच बघा.

उजेडाचा हिशोब मात्र घाईने करू नका. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो, आणि बंद असताना पडदा जेवढा उजळ दिसतो त्याहून गडद काळं तुम्हाला कधीच मिळणार नाही. म्हणून ज्या वेळी प्रत्यक्ष बघणार त्याच वेळी खोलीत जा, खिडक्यांचे पडदे ओढा आणि पांढऱ्या भिंतीकडे बघा. अंधाऱ्या खोलीत सिनेमाला हजार-दीड हजार ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) पुरतात. दिवे चालू ठेवून चालणाऱ्या मीटिंगला तीन हजारांच्या खाली जाऊ नका. आकडा एएनएसआय किंवा आयएसओ, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या ल्युमेनमधलाच धरा. मी एकदा खोक्यावरच्या ‘९००० ल्युमेन’वर भाळलो होतो. दुपारी त्यावर चित्र लावलंय की नुसतीच भिंत आहे, हे जवळ जाऊन बघावं लागायचं. आणि चित्र १०० वरून १५० इंचांवर नेलंत तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तोच उजेड तेवढा पातळ होतो.

रिझोल्यूशनच्या रकान्यात ‘नेटिव्ह’ (प्रोजेक्टरचे स्वतःचे खरे पिक्सेल) हा शब्द शोधा. ‘फोर के सपोर्टेड’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच, की तो फोर के सिग्नल आत घेतो. दाखवतो आपल्या कुवतीप्रमाणे. सिनेमासाठी १९२० बाय १०८० धरा. ऑफिसात स्लाइडच दाखवायच्या तर १२८० बाय ८०० वरही भागतं, पण एक्सेलचे बारीक आकडे आले की तिथेही १०८० लागतंच. कीस्टोनचं बटण अडीअडचणीपुरतं ठेवा: वाकडं चित्र सरळ करताना ते पिक्सेल वाया घालवतं. प्रोजेक्टर मुळात समोर आणि सरळ बसेल अशीच जागा बघा, नाहीतर लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता लेन्सने चित्र सरकवायची सोय) असलेलं मॉडेल घ्या.

एका चिपच्या काही डीएलपी (बारीक आरशांच्या चिपने चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये नजर झटकन फिरवली की काहींना इंद्रधनुष्यासारखे रंग चमकलेले दिसतात. घरातल्या प्रत्येकाला दुकानात नेऊन दाखवा, कारण हे एकाला दिसतं आणि दुसऱ्याला अजिबात नाही. रोज चार तास वापर असेल तर लेझर किंवा एलईडी बरा, त्यांचं आयुष्य साधारण २०,००० तास सांगतात. कधीमधी लावणार असाल तर दिव्याचाही चालेल, फक्त बदली दिवा मिळतो का ते आधी विचारा. आतल्या स्पीकरवर भिस्त ठेवू नका. लांब एचडीएमआय केबल भिंतीत गाडण्याआधी बाहेरच जोडून तासभर चालवून बघा.

खोकं घरी आलं की पहिल्याच दिवशी पांढऱ्या पानावर बारीक अक्षरं लावा आणि चारही कोपरे वाचा. मधलं स्पष्ट आणि एक कोपरा धूसर असेल तर आधी प्रोजेक्टर सरळ बसवून बघा. तरीही धूसरच राहिला तर परतीची मुदत संपायच्या आत बदलून घ्या.