शंभर एमबीची हाव

सी ड्राइव्ह लाल झाला होता, म्हणजे जागा संपत आली होती, म्हणून रविवारी साफसफाईला बसलो. डिस्कवर 100 एमबीचं एक बिननावाचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) दिसलं. त्याला ड्राइव्ह लेटर देऊन आतलं 'ईएफआय' फोल्डर उडवलं. वीस-पंचवीस फोटोंच्या जागेसाठी! लिहितानाही लाज वाटते. रीस्टार्ट केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगं काही सापडत नाही.

विंडोज शाबूत होतं, त्याला उठवणाऱ्या फाइली तेवढ्या गेल्या होत्या. शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरवर 8 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज 10 चा इन्स्टॉलर बनवला, त्यावरून बूट केलं, शिफ्ट-एफ10 दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. डिस्कपार्ट या डिस्कचे कप्पे हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' दिल्यावर फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेलं ते 100 एमबीचं पार्टिशन दिसलं. त्याला एस हे अक्षर दिलं. मग उडालेल्या फाइली नव्याने बनवणारी आज्ञा: 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. एरर!

अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, पेनड्राइव्हवरून उठल्यावर अक्षरं बदलू शकतात. माझं सी तिथे डी झालं होतं. आधी 'डीआयआर डी:' करून विंडोज फोल्डर बघून घ्या. आज्ञेत सी ऐवजी डी टाकलं, आणि फाइली तयार झाल्याचा निरोप आला. पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर चालू केला, तर समोर लॉगिनचा पडदा.

सी ड्राइव्ह अजून लालच आहे.